बाबांनी उचललेला विडा

कावळ्यावर भिरकावलेला खडा एकनाथच्या सायकलच्या घंटीवर टणकन बसला आणि आमची ओळख झाली.

राजेळी केळी सोलून मांडवावर वाळत घातली, की सुकेळी होईपर्यंत दिवसभर कुणाला तरी कावळे हाकत बसावं लागतं. त्या माघात आगाशीच्या आमच्या वाडीत ते काम माझ्याकडे होतं. मी मॅट्रिक झालेली असले, तरी कावळ्यांना त्याचं काय?

तो सायकलवरून उतरला. अंगात पांढरा सदरा, मागे विड्याच्या पानांचा करंडा. त्याने घंटी वाजवून पाहिली. वाजली.

"नेम चांगला आहे," तो म्हणाला. "कावळा मात्र तिथेच बसलाय."

"तुम्ही मध्ये आलात."

"येतच राहणार… हरिभाऊंचं वाचनालय हेच ना?"

मी सांगितलं की हेच, पण साप्ताहिकातला लेख शनिवारी संध्याकाळी ओटीवर मोठ्याने वाचतात, आणि तो मीच वाचते. तो नुसता "बरं" म्हणाला आणि जाता जाता त्याने मांडवावरचं एक केळं उचलून तोंडात टाकलं. अजून दोन उन्हं खायची होती त्या केळ्याला! मी बघतच राहिले. इतका निर्लज्ज आणि इतका देखणा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

लेख म्हणजे कडवेकरांचा लेख. अण्णासाहेब कडवेकर दर आठवड्याला पुण्याहून लिहीत आणि इकडे आगाशीत आमचं घर हलत असे. हरिभाऊ म्हणजे माझे बाबा. घरात आमच्या बोलीत बोलायचे, पण सुधारणेचा विषय निघाला की साप्ताहिकाच्या भाषेत शिरायचे. कडवेकरांनी लिहिलं म्हणून आमची विहीर सगळ्यांना खुली झाली. त्यांनी लिहिलं म्हणून मी शाळेत टिकले. त्यांनीच लिहिलं म्हणून, भावकीने बोलणं टाकलं तरी, बाबांनी विधवा लीलाआत्याचं दुसरं लग्न लावलं. चहाही त्यांच्याच लेखाने सुटला होता, तो मात्र आईने आठ दिवसांत परत आणला. बाबांना स्वतःला वाचता येत होतं. पण मुलींनी चारचौघांत वाचावं, असं एकदा छापून आलं आणि तेव्हापासून ते काम माझं झालं.

एकनाथ शनिवारी आला. पुढच्या शनिवारीही आला. बोळिंजहून सायकल मारत यायचा, अगदी मागच्या खांबाला टेकून ऐकायचा. महिन्याभराने मला कळलं की हा गडी मॅट्रिक झालेला आहे.

"तुम्हाला वाचता येतं?" मी विचारलं.

"येतं की."

"मग ऐकायला कशाला येता?"

"लेख ऐकायला कोण येतंय…" तो म्हणाला, आणि पायातली वहाण शोधू लागला. ती त्याच्या पायातच होती.

त्या दिवसापासून मी लेख वाचताना अडखळू लागले. बाबांना वाटलं, विषय जड आहे.

आमच्या प्रेमात खोट एकच होती, की त्यात काहीच अडचण नव्हती. तोही वाडवळ, मीही वाडवळ, जात एकच. त्यांचा पानमळा, आमची केळीची वाडी. हुंड्याला दोन्ही घरांचा विरोध. तो चिडवायचा, "आपल्यावर कुणी गोष्ट नाही लिहिणार, मंदा. पहिल्याच पानावर संपेल." फाल्गुनात त्याने मला सरळ विचारलं आणि मी सरळ हो म्हटलं. येत्या रविवारी त्याचे मामा मागणी घालायला यायचे होते; तोवर आमच्या घरी कुणाला काही ठाऊक नव्हतं.

त्याआधी, शुक्रवारी, खुद्द कडवेकर आगाशीत व्याख्यानाला आले.

शाळेचं पटांगण भरून गेलं होतं. कडवेकरांची एक रीत होती. व्याख्यान संपलं की व्यासपीठावर तबकात एक विडा ठेवायचा आणि ज्याला काही करून दाखवायचं असेल त्याने पुढे येऊन तो उचलायचा, शब्द द्यायचा. पानं एकनाथच्या मळ्यातली होती. तबक त्यानेच नेऊन ठेवलं. ठेवताना बायकांच्या बाजूला एकदा पाहिलं, आणि मी पदराशी चाळा करत बसले.

कडवेकर जातीवर बोलले. जात लग्नाने टिकते, म्हणून लग्नानेच मोडायची, असं काहीसं. ऐकताना अंगावर काटा आला. मग त्यांनी विचारलं, कोण उचलतो विडा?

बाबा उठले.

"माझी एकुलती एक मुलगी मंदा," ते साप्ताहिकाच्या भाषेत म्हणाले, "हिला मी जातीबाहेरच देईन. आमच्या जातीतलं स्थळ सोन्याचं असलं, तरी उंबरा चढू देणार नाही."

टाळ्या थांबेनात. मला त्या ऐकूच येत नव्हत्या. तबकाजवळ उभ्या एकनाथच्या हातून चुन्याची डबी खाली पडली आणि ती उचलायचंही त्याला सुचलं नाही. लोक मान वळवून माझ्याकडे कौतुकाने पाहत होते, आणि माझं लग्न मोडलं होतं.

कडवेकर मुक्कामाला आमच्याचकडे होते. बाबांचा चेहरा असा उजळला होता की रात्री बोलायचा धीरच झाला नाही. सकाळी विहिरीवर एकनाथची गाठ पडली. डोळे लाल.

"भुईगावचा इग्नेशियस माझा दोस्त आहे," तो म्हणाला. "त्याच्याबरोबर पाद्रीबाबांकडे जातो, बाप्तिस्मा घेतो. मग झालो ना मी जातीबाहेरचा?"

हा थट्टा करतोय का, म्हणून मी पाहिलं. तो हसत नव्हता.

"देव बदलायचा तर देवासाठी बदला," मी म्हटलं. "माझ्यासाठी नको."

"मग तू बोल. शनिवारी वाचतेस तशी… सगळ्यांसमोर."

दारात टांगा उभा होता. निरोप द्यायला अर्धी आगाशी जमली होती. बाबांनी पाहुण्यांची पिशवी हातात घेतली होती. मी ओटीवर गेले आणि कडवेकरांना नमस्कार केला. आवाज वाचनाचाच निघाला.

"अण्णासाहेब, तुम्ही लिहिलंत, मुलगी म्हणजे गाय नव्हे, एका दाव्यातून सोडून दुसऱ्या दाव्याला बांधायला. काल मला बांधलं, ते कुणाला विचारून?"

कडवेकरांनी बाबांकडे पाहिलं. "हरिभाऊ, मुलीला विचारलं नव्हतं तुम्ही?"

"तिला काय विचारायचं?" बाबा गोंधळले. "तुमचे सगळे लेख तीच तर वाचते."

मला वाटलं, आता सुटले. कडवेकर माझ्याकडे वळले, फार मायेने वळले, आणि म्हणाले, "बाळ, तू म्हणतेस ते खरं आहे. पण एका मुलीच्या मनापेक्षा कधी कधी काम मोठं असतं. तुमच्या घरावर पुढचा लेख मी लिहूनही ठेवलाय."

ज्या माणसाची वाक्यं मला तोंडपाठ होती, त्याचं हे वाक्य मला कळेचना. रडूही येईना.

बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"अण्णासाहेब," ते म्हणाले, आणि पाहुण्यांसमोर पहिल्यांदाच आमच्या घरच्या आवाजात म्हणाले, "आमच्या लीलाच्या लग्नाला भावकीने हेच सांगितलं होतं. एका बाईच्या मनापेक्षा घराणं मोठं असतं म्हणून. तेव्हा तुमचा लेख हातात घेऊन मी त्यांच्याशी भांडलो. आता कुणाचा घेऊ?"

बाबा लोकांकडे वळले. काल आपण चुकलो, शब्द मागे घेतो, ज्याला हसायचं त्याने हसावं, असं त्यांनी सांगितलं. शब्द मोडणं म्हणजे बाबांना मरण होतं, हे गावाला ठाऊक होतं. कुणी हसलं नाही.

"तो लेख छापणार नाही," कडवेकर म्हणाले. पिशवी त्यांनी स्वतः उचलली आणि टांग्यात बसले.

माणसं पांगली. बाबा ओटीच्या पायरीवर बसले, एकाएकी म्हातारे दिसू लागले. मी शेजारी बसले.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"बोळिंजचा एकनाथ. माझं प्रेम आहे त्याच्यावर, बाबा."

त्यांनी झटकन मान वर केली. दुसऱ्या एखाद्या घरातला बाप परजातीचं नाव ऐकून जसा हबकेल, तसे हबकले.

"आपल्याच जातीतला?"

"हो."

"पानमळेवाल्यांचा? घर पाहिलेलं, ओळखीतलं?"

"हो, बाबा."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग अगदी हळू, शेवटची आशा धरून विचारलं, "निदान… पत्रिका तरी जुळत नसेल?"

"पाहिलीच नाही."

"तेवढं बरं केलंस," बाबा म्हणाले. डोळे पुसून त्यांनी माझा हात हातात घेतला. "मग पाहूच नका."