शेजाऱ्याची वाक्यं

जुन्या मालिकांचा आवाज साफ करणं हे माझं काम. खरखर काढायची, प्रेक्षकांतला खोकला पुसायचा. त्या महिन्यात चाळीस वर्षांपूर्वीची एक विनोदी मालिका नव्या डिस्कच्या संचात निघणार होती. तेरा भाग, सोबत कलाकारांच्या आठवणी.

पहिल्याच भागात गोम सापडली. जेवणाच्या टेबलाशी घरचे चौघं, पाचवी खुर्ची रिकामी. मध्येच चौघंही त्या खुर्चीकडे वळतात. चार सेकंद कुणी बोलत नाही. आणि प्रेक्षक खो खो हसतात.

मला वाटलं, एखाद्या माईकचा आवाज गहाळ झाला असेल. मूळ टेपा मागवल्या, संहिता चाळली. तिथे कुणाला वाक्यच नव्हतं. तेरा भागांत मिळून अशा सदतीस जागा निघाल्या.

आठवणी सांगायला थोरल्या जावेचं काम केलेल्या बाई आल्या. त्यांना सगळे जाऊबाईच म्हणत. वय ऐंशीपुढे, पण कुठल्या दृश्यात कुणाची चप्पल तुटली होती तेही त्यांना पाठ. टेबलाचं दृश्य आलं. चौघं वळले. जाऊबाई तोंडावर हात ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

कशाला हसलात, विचारलं, तर म्हणाल्या, शेजाऱ्याला. त्या नटाचं नाव मात्र त्यांना आठवेना, आणि त्या चुळबुळू लागल्या. तालमीला तो कधी येत नसे. दिवे लागले की खुर्चीत बसलेला असे.

खुर्ची रिकामी आहे, असं मी सांगितलं. त्यांनी पडद्यावरची नजर माझ्याकडे वळवली.

"मग तुम्ही त्याची वाक्यं काढणार?"

"डिस्क काढणाऱ्या मालकांचं म्हणणं आहे, असं मुकं ठेवलं तर गिऱ्हाईक डिस्क खराब म्हणून परत करेल."

"आमच्या दिग्दर्शकांनी काढली होती एकदा. एकाच भागातली."

पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पर्स उचलली आणि उरलेले भाग न बघताच निघून गेल्या.

मी सदतीसच्या सदतीस जागा चित्र आणि हशासकट कापल्या. सांधा कुणाच्या बापाला कळला नसता. मालक खूश झाले. मला मात्र चैन पडेना. जेवताना घास हातात धरून थांबायचो, कुणाचं बोलणं संपायची वाट बघितल्यासारखा.

संच बाजारात आला आणि आठवड्याभरात पत्रं सुरू झाली. शेजारी झालेल्या नटाचं नाव वेष्टनावर का नाही, असं एकानं विचारलं होतं. दुसऱ्यानं लिहिलं होतं, मालिका टीव्हीवर लागायची तेव्हा हा माणूस केवढा बोलायचा. आता गप्प का?

रविवारी दुपारी आईनं डिस्क लावली. मी तिच्याजवळ बसलो होतो, पण पडद्याकडे बघवत नव्हतं. मांडीवर मटार घेऊन सोलत होतो.

आई एकदाही हसली नाही.

"हा शेजारी एक अक्षर बोलत नाही रे," ती म्हणाली.

"कुठला, आई?"

"हा काय समोर." तिनं आवाज खाली आणला. "नुसता तुझ्याकडे बघतोय."

माझे हात थांबले. मी मान वर केली.

भाग केव्हाच संपला होता. टीव्ही बंद होता.