दुर्गाबाईंचा शब्द

चतुराबाईने मोबाइल अंगणातल्या ओट्यावर ठेवला, चाचपत बोटाने दाबला, आणि दुर्गाबाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला... "भेऊ नोको. मी आहो ना."

त्यांच्या काळजात चर्र झालं. चांदूर रेल्वेच्या आसपासच्या खेड्यांत तीस वर्षं नर्स म्हणून बाळंतपणं करताना, कळा सोसणाऱ्या बायांचा हात धरून त्या एवढंच म्हणत. मागच्या वर्षी ललितने, त्यांच्या एकुलत्या लेकाने, लाडीगोडी लावून ते मोबाइलमध्ये म्हणवून घेतलं होतं. आठवण म्हणून ठेवतो म्हणाला. पोरगं किती मायाळू, असं वाटून त्या माउलीला त्या दिवशी भरून आलं होतं!

ती आठवण पैसे गुंतवायच्या निरोपाला जोडून गावोगावच्या बायांच्या मोबाइलवर फिरली होती. ललित अमरावतीत 'एंजल' गुंतवणुकीचं काम करी. नवी कंपनी निघतानाच पैसे घाला, ती मोठी झाली की एकाचे दहा घ्या, असं सांगे. कंपन्या कागदावरसुद्धा नव्हत्या. वरचा मालक पळाला, आणि चतुराबाईने लेकीच्या, सीमाच्या, नर्सिंगच्या शिक्षणासाठी जपलेले दोन लाख त्याच्यासोबत गेले.

पोलिसांत जाते असं सांगून चतुराबाई निघून गेली, तसे आतून येऊन ललितने आईचे पाय धरले. मालक लबाड आहे हे त्याला दिवाळीतच कळलं होतं, तरी कमिशनच्या लोभाने तो पैसे घेतच राहिला होता...

"आई, तू सांग, मीच बायांले पैसे टाकाले लावले म्हनून. तुह्या वयाकडे पाहून सोडतीन तुले. माह्यं लेकरू लहान आहे."

आईचं काळीज ते! तीस वर्षांची अब्रू मातीत जाणार हे कळत असूनही त्या हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला पोलीस ठाण्यात त्यांनी तसंच सांगितलं. साहेब लिहून घेऊ लागले, ललित खाली मान घालून शेजारी उभा... एवढ्यात बाकावरची चतुराबाई उठली.

"खोटं बोलून राहिल्या बाई. सीमाच्या येळेस पोटात लेकरू आडवं होतं. मी हात धरून किती म्हनलं, बाई, म्हना ना, मी आहो म्हनून. नाई म्हनल्या. खोटा भरोसा देत नाई म्हने. गाडी करून इथं मोठ्या दवाखान्यात आनलं, म्हनून आमी दोघी वाचलो. यायले ठाऊक असतं त माहा पैसा यायनं जाऊ देल्ला नसता."

दुर्गाबाईंचा बांध फुटला. पोटच्या पोराने विकलेला शब्द या बाईने अजून जपून ठेवला होता. त्यांनी पदरात तोंड लपवलं. चतुराबाईने त्यांचा हात धरला. ललितने ते पाहिलं, आणि कुणी न विचारताच तो म्हणाला, "सायब, आईले काई मालूम नोतं. आवाज मी वापरला."

त्याला आत नेऊ लागले तेव्हा तो दारात थबकला. त्याने आईकडे पाहिलं, आणि तो कशाची वाट बघतोय हे त्यांना कळलं... लहानपणी ताप आला की तेच ऐकून तो झोपी जायचा.

शब्द ओठांशी आले. दुर्गाबाईंनी ते गिळले.

"उद्या डबा घेऊन येतो मी," त्या म्हणाल्या. "जाय."