सवतीचा घास

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण थापा म्हणू नका. जिच्यावर बेतली ती राजेश्वरी माझी सख्खी मावसबहीण.

आणि अमावस्येच्या रात्रीची वाट बघू नका. सगळं सुरू झालं ते भर दुपारी, जेवायच्या वेळी. इंदापूर तालुक्यातल्या सणसरला, चहूबाजूंनी ऊस असलेल्या एका स्लॅबच्या घरात.

राजेश्वरीला तिथं दुसरेपणावर दिली होती. नवरा दिग्विजय. त्याची पहिली बायको रतन उसात साप चावून गेली, असं सोयरीक जमवताना सांगितलं. पक्कं घर, ट्रॅक्टर, निर्व्यसनी जावई. मावशीला आणखी काय पाहिजे होतं?

लग्नात सासूनं, द्वारकाबाईंनी, तिच्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. बोटाच्या पेराएवढा, वर बाईची आकृती ठोकलेली. ती सवत. दुसरेपणाच्या बाईनं तो गळ्यात घालायचा, आणि जेवताना पहिला घास ताटाबाहेर तिच्या नावानं काढायचा. आमच्याकडची जुनी रीत.

राजेश्वरी इमानानं घास काढायची.

आणि तो घास जायचा...

पाण्याचा तांब्या घ्यायला वळावं, तेवढ्यात फरशी मोकळी. मांजर नाही. मुंगी नाही. फक्त पाठीमागं कुणीतरी गिळल्याचा आवाज... भुकेल्या माणसाचा, घाईघाईचा.

पहिल्यांदा तिची बोबडी वळली. मग सवय झाली. माणूस कशालाही सरावतं. पुढं पुढं ती घास जरा मोठाच काढायला लागली. "खा बाई पोटभर," म्हणायची.

काही वर्षं गेली, मूल नाही. बारामतीच्या डॉक्टरनं तिला तपासलं, दोष निघाला नाही. दिग्विजय तपासायला गेलाच नाही. लेकात खोट आहे हे द्वारकाबाईंच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्यापेक्षा सून बदललेली सोपी. हे मी आज म्हणतेय. तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या मायेचं कौतुक करत होतो, कारण सासूबाई अचानक स्वतः रांधून सुनेला वाढायला लागल्या होत्या.

अशाच एका दुपारी...

घास तसाच राहिला.

पाठीमागं आवाज नाही. राजेश्वरीला वाटलं, आज हिला भूक नसेल. ती जेवली.

मग दोन दिवस उलट्यांनी लोळत होती. सासू पाय चेपत बसली. "ऊन बाधलं आसंल," म्हणाली.

बरं वाटल्यावर ती शेजारच्या सारजाकाकूंकडे गेली. रतनला शेवटची आंघोळ त्यांनी घातली होती.

"काकू, रतनताईला साप कुठं चावला हुता?"

काकू बराच वेळ लसूण सोलत राहिल्या. "म्या आंघूळ घातली, बाय. कुठं दात उमटल्यालं दिसलं न्हाईत. रातभर ओकत मातूर हुती ती."

पुढच्याच आठवड्यात द्वारकाबाई ताट वाढून अंगणात गेल्या. राजेश्वरीनं घास काढला. पाणी घेतलं. वळून बघितलं...

घास जागच्या जागी.

तेवढ्यात दिग्विजय ट्रॅक्टर लावून आत आला. भूक लागली म्हणाला. तिनं तेच ताट त्याच्यापुढं सरकवलं. मला विचाराल तर बरोबर केलं.

त्यानं भाकरी मोडली. कालवणात बुडवली.

द्वारकाबाई दारातून धावत आल्या आणि ताट लाथेनं उडवलं.

"ते तुझं न्हाय," त्या म्हणाल्या.

एवढंच. त्यांनी फरशी पुसली. दिग्विजयनं हात धुतला. का, म्हणून त्यानं विचारलं नाही. आईलाही नाही, बायकोलाही नाही. ह्याला पहिल्यापासून माहीत आहे, हे राजेश्वरीला त्याच घडीला कळलं.

ती अंगावरच्या कपड्यानिशी इंदापूरच्या एसटीत बसली आणि वरकुट्याला माहेरी आली.

मावशीनं लेकीला पोटाशी धरलं. रडली. पोलिसात जाऊ म्हटल्यावर मात्र गप्प झाली. धाकटीचं लग्न जमत आलेलं. थोरली माहेरी का बसलीय, असं पाव्हणे विचारायला लागले होते.

राजेश्वरीनं टाक काही उतरवला नाही. "तिनंच मला वाचवली," म्हणायची. माहेरीही रोज घास काढायची. रोज जायचा.

परवा द्वारकाबाई वरकुट्याला येऊन गेल्या. मावशीबरोबर स्वयंपाकघरात दार ओढून बसल्या होत्या. राजेश्वरी रानातून आली तेव्हा त्यांची गाडी निघाली होती. काय म्हणत होत्या, असं तिनं विचारलं.

"काय न्हाय," मावशी म्हणाली. "झालं गेलं इसरा म्हणत्यात."

आज दुपारी राजेश्वरीचा मला फोन आला. आवाज इतका बारीक, की आधी ओळखूच येईना.

"ताई, आईनं वाढलंय. घास काढून लई येळ झाला."

"मग?"

"तसाच हाय..."

मागून मावशी बोलत होती. नेहमीच्या मायेनं. लहानपणी मलाही तिनं असंच भरवलंय.

"जेव की गं. गार हुतंय."

खाऊ नकोस म्हणून मी कळवळून सांगितलं.

"आई हाय गं ती," राजेश्वरी म्हणाली, आणि फोन ठेवला.

आता मी वरकुट्याच्या वाटेवर आहे, एसटीत बसून हे लिहितेय. मघापासून फोन लावतेय. दर वेळी मावशीच उचलते.

"राजी जेवून झोपलीया," ती म्हणते. "तू ये की. तुझं बी ताट वाढून ठिवते."