चेहरा शेवटी

ही गोष्ट २०२२ सालची. त्या वर्षी ओहायोतल्या डब्लिन गावात उन्हाळा लवकर आटोपला आणि सप्टेंबरातच मेपलची पानं गळायला लागली. पद्मिनीबाई पुण्याहून मुलीकडे, रुचाकडे, राहायला येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. रुचा आणि जावई अंकुर सकाळीच ऑफिसला जात, नात केया शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढे, आणि मग दिवसभर त्या मोठ्या घरात फ्रिजची घरघर आणि पद्मिनीबाई अशा दोघीच उरत.

त्यांना एक छंद होता. खरं म्हणजे तो त्यांच्या नवऱ्याचा, विनयरावांचा. विनयराव कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि रविवारी जुन्या बाजारात जाऊन लष्करी पदकं धुंडाळायचे. हळूहळू बायकोलाही त्यांनी त्यात ओढलं. ते गेल्यावर पद्मिनीबाईंनी छंद सोडला नाही. सोडला असता तर आणखी एकदा विधवा झाल्यासारखं वाटलं असतं. इथे अमेरिकेत तर त्याला ऊतच आला. आजोबांनी युद्धावरून आणलेल्या पेट्या घरोघरच्या माळ्यांवर पडलेल्या. त्यात कुणा जर्मन अधिकाऱ्याचा स्टुडिओत काढलेला फोटो निघतो, आणि नातवंडं इंटरनेटवरच्या एका गटात विचारतात, हा कोण? पद्मिनीबाई खांद्यावरच्या पट्ट्या बघत, कॉलरवरचं कशिदाकाम बघत, छातीवरची पदकं आणि फोटोच्या कोपऱ्यातला स्टुडिओचा ठसा बघत, आणि बऱ्याचदा माणूस सापडे.

विनयरावांचा एक नियम त्या कधी मोडत नसत. चेहरा शेवटी. फोटो हातात आला की आधी चेहऱ्यावर काळ्या कार्डाचा तुकडा ठेवायचा. "चेहरा दिसला की माणूस आपल्याला आवडतो तरी किंवा नावडतो तरी," ते म्हणायचे, "आणि मग आपल्याला हवं तेच पदक दिसायला लागतं."

शेजारी वॉल्टर प्रिचर्ड राहायचे. वय एकोणऐंशी, बायको वारलेली, मूलबाळ नाही. परसात टोमॅटो लावायचे आणि सगळ्या गल्लीला वाटायचे. त्या सप्टेंबरात ते टोमॅटोची पिशवी घेऊन आले, आणि पिशवीबरोबर एक पुठ्ठ्याचं पाकीट.

"पॅडमिनी, तुम्ही मेलेल्या जर्मनांची नावं शोधता म्हणे. केया सांगत होती."

"सगळ्यांची नाही सापडत."

"मला एकाचंच हवंय. चार डॉलर पौंडाचे टोमॅटो आहेत, फुकट नाही सांगत." ते हसले, पण बसताना त्यांनी पाकीट मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

ते मूळचे जर्मन आहेत हे पद्मिनीबाईंना त्या दिवशी कळलं. युद्धानंतर त्यांच्या आईनं एका अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं आणि लहानग्या वॉल्टरला घेऊन ती ओहायोत आली. खऱ्या बापाचं नाव तिनं मरेपर्यंत घेतलं नाही. एवढंच सांगितलं, की तो पूर्वेकडच्या एका जिंकलेल्या गावात सैन्याच्या धान्याचा हिशेब बघायचा.

"त्या गावाबद्दल मी वाचलंय," वॉल्टर म्हणाले. "त्या हिवाळ्यात तिथली माणसं भुकेनं मेली. गोदामं भरलेली होती आणि माणसं मेली. आता हे बघा, त्याच्या छातीवर ही फीत आहे. नाव नाही सापडलं तरी चालेल. ती त्याला कशाबद्दल मिळाली, तेवढं मला मरायच्या आत सांगा."

"चेहरा शेवटी," म्हणत पद्मिनीबाईंनी चेहऱ्यावर कार्ड ठेवलं आणि भिंग लावलं. खांद्यावर लष्करी प्रशासनाची अक्षरं होती. म्हणजे हा लढणारा अधिकारी नव्हे, सैन्यातला कचेरीचा माणूस. डाव्या खिशावर खेळाचा बिल्ला; तो हजारोंना मिळायचा, त्याचा उपयोग नाही. कोटाच्या दुसऱ्या काजातून तिरकी ओवलेली एक फीत. आणि कॉलर. कॉलर इतकी सैल की तिच्यात आणि मानेत करंगळी जाईल एवढी काळी फट.

"हडकुळे होते तुमचे वडील."

"हो. फोटोत तरी."

फितीचीच पंचाईत होती. गोळीबारात पराक्रम केला तर मिळायची ती फीत मधे लाल आणि कडांना काळी. आघाडीच्या मागे राहून बजावलेल्या कामगिरीबद्दल मिळायची ती याच्या उलट, मधे काळी आणि कडांना लाल. पण त्या काळच्या काही फिल्मवर लाल रंगही काळाच उमटायचा. या फोटोत फीत नुसती काळी होती, मधे पांढऱ्या दोन रेघा. कोणती ते देवालाच ठाऊक.

"लढून मिळाली असेल तर मी झोपेन," वॉल्टर म्हणाले. "नाही तर... धान्य अडवून धरल्याचं बक्षीस, नाही का?"

पद्मिनीबाईंनी फोटो ठेवून घेतला.

सर्वपित्री अमावस्या रविवारी आली. पद्मिनीबाईंनी खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत केलं. टेबल मोकळं हवं म्हणून टेबलावरचा तो फोटो कार्डासकट उचलून त्यांनी फायरप्लेसवरच्या फळीवर, विनयरावांच्या फोटोशेजारी टेकवून ठेवला. विनयरावांचा फोटो रुचाच्या लग्नातला, रंगीत. निळा सूट, ओठांवर अर्धं हसू.

दुकानातून आणलेलं केळीच्या पानांचं पाकीट गोठलेलं होतं. सोडवता सोडवता पानं फाटली. एकच धड निघालं.

पान वाढून झाल्यावर पद्मिनीबाईंची नजर फळीवर गेली. त्यांच्या माहेरी ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठीही एक पान असायचं. या माणसाला नाव नाही, श्राद्ध घालणारं कुणी नाही. दुसरं पान नव्हतं. त्यांनी त्याच पानाच्या कडेला भाताची आणखी एक मूद ठेवली, वर तूप सोडलं आणि हात जोडले.

"जे कोणी असाल ते," त्या म्हणाल्या, "संकोच करू नका. पोटभर जेवा."

"आजी, हू आर यू टॉकिंग टू?" केयानं विचारलं.

"पाहुण्याशी."

पान मागच्या डेकवर ठेवलं. इथे कावळे येत नाहीत. दर वर्षी एखादी खार येऊन वडा पळवते आणि बाकीचं संध्याकाळी उचलून टाकावं लागतं. त्या दिवशी जेवणं आटोपून पद्मिनीबाई काचेच्या दारापाशी गेल्या, तर पान स्वच्छ होतं. मीठसुद्धा उरलं नव्हतं.

"स्क्वरल्स आर गेटिंग फॅट," केया म्हणाली.

नंतरच्या आठवड्यात त्यांनी फोटो पुन्हा कामाला घेतला. कार्ड नीट बसवलं, भिंग लावलं, आणि बराच वेळ भिंग तसंच धरून बसल्या. कॉलर आणि मान यांच्यामधली फट नव्हती.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वसंतात झालेलं. डोळ्यांचा दोष असेल म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवर घेतलेली प्रत उघडली. तिच्यात फट होती. संध्याकाळी रुचा आल्यावर तिला दोन्ही दाखवलं.

"अगं, कागद आहे तो. हीटिंग सुरू झालं की हवा कोरडी होते, आकसला असेल."

"कागद आकसला तर सगळंच आकसेल. गळाच कसा भरेल?"

रुचानं फोटो पुन्हा जवळ नेऊन पाहिला. मग तो उलटा ठेवला. "आई, परत करून टाक ना हा. प्लीज."

ऑक्टोबरात वॉल्टर झाडाखालची पानं गोळा करताना दिसले. पद्मिनीबाई कुंपणापाशी गेल्या आणि बोलता बोलता थबकल्या. वॉल्टरच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं, आणि कॉलर आणि मान यांच्यात करंगळी जाईल एवढी फट होती.

"बारीक झालात."

"डाएट न करता. ऑफिसात असतो तर पोरींनी सीक्रेट विचारलं असतं." ते हसले आणि दंताळ्यावर रेलले. "डॉक्टर म्हणतात, सगळं जागेवर आहे. भूकही आहे. खातो मी, पॅडमिनी. सगळं खातो."

त्या वरण-भात घेऊन गेल्या. वॉल्टरनं समोर बसून दोन ताटल्या संपवल्या, ताटली ब्रेडनं पुसून घेतली, आणि ओशाळून म्हणाले, "आई अशीच पुसायची. एक कण टाकू द्यायची नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांची फट दोन बोटांची झाली. फोटोत गळ्याचं मांस कॉलरवर आलं होतं.

पद्मिनीबाईंनी फोटो पाकिटात घातला आणि परत द्यायला गेल्या. वॉल्टर खुर्चीत बसले होते आणि खुर्ची त्यांना मोठी होत होती.

"फीत कळली?"

"नाही. कळणार नाही, वॉल्टर. तुम्ही हा घरातून काढून टाका. जाळून टाका."

"आईनं नाही जाळला." त्यांनी पाकीट परत त्यांच्या हातात दिलं. "शोधा. मला कळू दे, मी कुणाचं खाऊन वाढलो ते."

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला वॉल्टर अंथरुणाला खिळले. रोज नर्स यायची. तिनं पद्मिनीबाईंना दारातच सांगितलं की तिला हे समजत नाही. माणूस जेवतो, आणि जेवण कुठे जातं कळत नाही.

दुपारची वेळ होती. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड येत होता. वॉल्टरचे हात पांघरुणावर काटक्यांसारखे पडले होते.

"आणलात त्याला?"

"हो."

"चेहरा शेवटी म्हणता ना तुम्ही? मग आता शेवट आहे. काढा ते कार्ड. मला बघायचंय."

त्यांना काढायचं नव्हतं. पण मरणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

त्यांनी कार्ड उचललं.

चेहरा गुबगुबीत होता. हनुवटीखाली दुसरी हनुवटी. ओठ ओले, तूप लागल्यासारखे चकचकीत.

वॉल्टरनं पुष्कळ वेळ पाहिलं.

"हा नाही," ते म्हणाले. "माझे वडील बारीक होते. जन्मभर बघतोय मी हा फोटो."

मग अगदी हळू म्हणाले, "पॅडमिनी, त्याच्या गालात काय आहे?"

डावा गाल फुगलेला होता. फोटो काढायला उठवलेल्या माणसाचा घास अजून तोंडातच असावा, तसा.

पद्मिनीबाईंनी कार्ड परत ठेवलं.

वॉल्टर त्याच आठवड्यात गेले. शवपेटी बंद करायच्या आधी पद्मिनीबाईंनी तो फोटो, चेहऱ्यावरच्या कार्डासकट, त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. चर्चच्या बाईंना वाटलं, म्हातारीला शेजाऱ्याचं फार प्रेम. पेटी उचलणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, दिसतो त्या मानानं जड आहे.

वॉल्टरचं घर विकलं गेलं. तिथे आता नागपूरचं एक तरुण जोडपं राहतं. टोमॅटोच्या वाफ्यावर त्यांनी मुलासाठी झोपाळा लावलाय. केया आता कॉलेजांना अर्ज करतेय, आणि खारींचा विषय निघाला की विषय बदलते. रुचानं नोकरी बदलली, आता ती घरूनच काम करते. आईकडे लक्ष द्यायला बरं पडतं, असं म्हणते. पद्मिनीबाईंनी इंटरनेटवरचा तो गट सोडला. कुणी जर्मन फोटो पाठवलाच, तर त्या न उघडता परत पाठवतात.

दुसऱ्या वर्षीच्या सर्वपित्रीला त्यांनी ताजी, धड पानं मुद्दाम शिकागोहून मागवली. एकच पान वाढलं, फक्त विनयरावांचं. फळीवर दुसरं कुणी नव्हतं. तोंडानं काही म्हटलंही नाही.

डेकवरचं पान थोड्या वेळानं बघितलं, तर त्याच्यावर मीठसुद्धा उरलं नव्हतं.

त्या आत आल्या आणि सवयीनं विनयरावांच्या फोटोकडे पाहिलं. निळ्या सुटाच्या दुसऱ्या काजातून एक फीत तिरकी ओवलेली होती. हा फोटो रंगीत. बघायला भिंग लागलं नाही. मधे काळी, कडांना लाल.

हसू होतं तिथे नजर जायच्या आत त्यांनी ड्रॉवरमधून काळ्या कार्डाचा तुकडा काढला आणि विनयरावांच्या चेहऱ्यावर लावला. तो अजून तिथेच आहे.

हल्ली त्यांच्या बांगड्या सैल झाल्यात. हात वर केला की कोपरापर्यंत घरंगळतात. रुचा रोज विचारते, "आई, नीट जेवलीस ना?" पद्मिनीबाई हो म्हणतात. खरंच जेवलेल्या असतात.