खात्यावरचं दुसरं नाव

"दार लावून काय चाललंय तुमचं?" कुमारनं दार इतक्या जोरात ढकललं की टेबलावरचे कागद उडाले... आणि बाबांनी ते घाईघाईनं हाताखाली झाकले! झालं, संशयाला आणखी काय हवं?

लतिकानं उडालेले कागद गोळा केले. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये टॅक्सची वकिली करणारी, भल्याभल्या ऑफिसरांना निरुत्तर करणारी बाई, नवऱ्यापुढे मात्र अवाक्षर काढेना! काढणार तरी कसं? सासऱ्यांनी तिला बजावलं होतं, "सून म्हणून नाही गं, वकील म्हणून तुला सांगतोय, कुमारलाही कळता कामा नये."

"बाबांचा नागपूरचा फ्लॅट नावावर करून घेतेयस ना?" कुमार म्हणाला. "इतक्या खालच्या थराला जाशील असं वाटलं नव्हतं, लतिका!"

एवढ्या वर्षांच्या संसारात हेच ओळखलं का यानं आपल्याला?

मग अबोला. तिचा फोन वाजला की त्याचे कान टवकारायचे, तिनं बाबांना चहा दिला तरी तो टक लावून बघायचा. त्यातच तिची पार्टनरशिप, म्हणजे वकिलांच्या फर्ममध्ये भागीदार व्हायची संधी, हुकल्याचं त्याला बाहेरून कळलं.

"अजून काय काय लपवतेयस?" तो भर जेवणात ओरडला.

बाबांनी ताट बाजूला सारलं. "ओरडायचं तर माझ्यावर ओरड! नागपूरच्या माझ्या खात्यावर तुझं नाव मीच घातलं... माझ्यामागे तुला बँकेत हेलपाटे नकोत म्हणून! सही कर म्हटलं, तू न बघता केलीस. ते इथल्या सरकारला कळवावं लागतं, हे गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळात ऐकलं. तुला पकडून नेतील म्हणून घाबरलो रे! ही रोज विनवतेय, 'बाबा, कुमारला तुम्हीच सांगा.'"

कुमारनं लतिकाकडे पाहिलं. "पण... पार्टनरशिप?"

"आपला टॅक्स रिटर्न जॉइंट आहे, दोघांचा मिळून एकच," लतिका म्हणाली. "हे खातं न दाखवलेल्या चुकीच्या रिटर्नवर माझीही सही आहे. तुमची नावं न घेता तेवढंच मी पार्टनर्सना सांगितलं, त्यांनी माझं नाव मागे घेतलं. प्रत्येक क्लायंटला मी आधी हेच विचारते, आईवडिलांच्या खात्यावर नाव आहे का... घरात मात्र कधी विचारलं नाही!"

"आणि मी तुझ्यावर..." कुमार म्हणाला. तिनं रिटर्नच्या दुरुस्तीचे कागद पुढे ठेवले. "कुठे सही करू?" म्हणत त्यानं पेन उचललं.

तिनं पेन काढून घेतलं. "आधी वाच."

तो वाचायला बसला, पण डोळे सारखे भरून येत होते, अक्षरं दिसेनात. शेवटी तिनंच त्याचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत त्याच्या डोळ्यांवर ठेवला.