मोठ्याची जागा

जुनी गोष्ट. मोठा भाऊ आणि वहिनी भरदुपारी राहत्या घरात मारली गेली, आणि चौकीत धाकट्यानं कबूल केलं. मीच मारलं, म्हणाला. का आणि कसं, ते मात्र सांगता येईना. फासावर चढायची घाईच झाली होती म्हणा ना त्याला. शेवटी साहेबांनी बेड्या घालून त्याला त्याच खोलीत आणलं. करून दाखव, म्हणाले.

मोठ्याच्या जागी झोपायला कोणीतरी हवं होतं. हवालदाराचा बांधा तसाच, म्हणून पाळी त्याच्यावर आली.

"पोटावर पडा."

"आत्ताच जेवलोय, साहेब. घोरलो तर ते कबुलीत धरू नका."

हसलं कोणी नाही. हवालदार कुरकुरत खाटेवर पडला. गादी नवी घातलेली, तरी उशीला केसांच्या तेलाचा वास होता. खिडकीतून पिवळं ऊन येत होतं. पडदा पाण्यात असल्यासारखा हलत होता. हवालदाराचे डोळे जडावले. अंग आपलं राहिलं नाही असं वाटलं, पण भीती म्हणाल तर नाही. उलट, फार दिवसांनी घरी आल्यासारखं वाटत होतं.

"मी दारातून आलो," धाकटा सांगत होता. "हातात कुऱ्हाड... दादानं डोळे उघडले. काहीतरी म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"आठवत नाही, साहेब."

"टाक ती खाली," हवालदार बोलला. आवाज त्याचा नव्हता. "रक्ताची वस्तू उचलू नये, धाकट्या. मला राहू दे... आधी वहिनीला उचल. तिचा श्वास चालू आहे..."

धाकटा मटकन खाली बसला.

"मी पळालो, दादा," तो म्हणाला. "घाबरलो... तिला तशीच टाकून पळालो."

मग पहिल्यांदाच त्यानं साहेबांकडे नीट पाहिलं. "साहेब, मी नाही मारलं."

"आता फिरतोस? सही झालीये तुझी."

"साहेब, हा सगळं झाल्यानंतर आला होता," हवालदार उशीतूनच म्हणाला. "लिहून घ्या."

"कोणाच्या सांगण्यावरून लिहू? उठा, झोपेत बरळताय."

साहेबांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. त्यांनी धाकट्याला दंडाला धरून ओढतच बाहेर नेलं. तो रडत होता, आता त्याला जगायचं होतं. हवालदार हाक मारायला उठू लागला.

शेजारी गादी खचली. एक गार तळवा त्याच्या तोंडावर आला.

"हळू..." वहिनी त्याच्या कानात म्हणाली. "ज्यानं मारलं तो गेलेला नाही. खाटेखाली आहे."