डावखुरा हिरो

वाचनालयात मोठ्यानं हसायला बंदी होती. तशी पाटीच होती भिंतीवर, आणि ती माझ्या अक्षरात होती. तरी त्या शनिवारी दुपारी एक माणूस वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसून असा खदखदून हसला, की शेजारी पंचांगावर डुलक्या घेणारे आजोबा दचकून जागे झाले.

मी तरातरा गेले. "अहो, हे वाचनालय आहे, तमाशाचा फड नाही!"

तो गडबडीनं उठून उभा राहिला. उंच, सावळा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. "चुकलं बाई," म्हणाला. डोळ्यांत हसू मात्र तसंच! "पन तुमीच सांगा, हे वाचून कुनाला हसू येनार न्हाई?"

त्याच्या हातात आमच्या नगरचं साप्ताहिक होतं. पान चौथं. सदराचं नाव 'पहिल्या रांगेतून', लेखक 'चित्ररसिक'.

"ऐका," तो म्हणाला आणि मी 'नको' म्हणायच्या आत वाचूही लागला. "'हिरो डावखुरा दाखवून दिग्दर्शकानं त्याचं एकटेपण एकही शब्द न वापरता सांगितलं आहे.' डावखुरा! अहो, चांगला उजव्या हातानं पत्रं लिहितो तो. मी नगरला दोनदा बघितलाय. आन् पुढं तर कहर हाय. 'नायिका पदर उजव्या खांद्यावर घेते. ती गुजराती घरातली आहे आणि म्हणूनच बापाचा लग्नाला विरोध आहे, हे चाणाक्ष प्रेक्षकाच्या लगेच लक्षात येतं.' आता हा चाणाक्ष प्रेक्षक कुठल्या गावचा म्हनायचा?"

पारनेरचा. आणि प्रेक्षक नव्हे, प्रेक्षिका. त्याच्यासमोरच उभी होती.

"असेलही डावखुरा," मी म्हणाले. "तुमचंच लक्ष नसेल."

"तुमी बघितलाय?"

"मी... नाही. मी सिनेमे बघत नाही."

किती सहज बोलून गेले! तो बिचारा लगेच खाली बसला आणि म्हणाला, "मग ऱ्हायलं. नाव लिहून घ्या माझं, मेंबर व्हायचंय. रंगनाथ. पंचायत समितीत नवीन क्लार्क आलोय, गाव खर्डा."

मी रजिस्टरात नाव लिहिलं. शाई ओली होती म्हणून टिपकागद दाबला, उचलला... आणि बघतच राहिले. टिपकागदावर 'रंगनाथ' उमटलं होतं. उलटं. डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे.

देवा रे!

मी तो सिनेमा पडद्याच्या मागून पाहिला होता.

आता सगळं सांगते. सिनेमाचं नाव तेवढं सांगत नाही, अजून लाज वाटते. एकाहत्तर सालची गोष्ट. माझे वडील, अण्णा, शाळेत हेडमास्तर. सिनेमा म्हणजे टवाळांचा धंदा, हे त्यांचं ठाम मत. मी त्यांची एकुलती एक मुलगी, विजयमाला, मॅट्रिक होऊन वाचनालयात कामाला. आणि सिनेमावर जीव असा, की तंबूतली टॉकीज गावात आली की माझं जेवणात लक्ष नसायचं. शेजारच्या मालनमावशीचा नवरा तंबूच्या दारावर तिकिटं फाडायचा. मावशीकडे शिवण शिकायला जाते असं अण्णांना सांगून मी तिच्याबरोबर तंबूत जायची. बायकांसाठी पुढं एका बाजूला कनात लावलेली असे, तिथं बसायची. घरी येऊन चोरून परीक्षण लिहायची आणि टोपणनावानं नगरला धाडायची. दीड वर्ष छापत होते. मी बाई आहे हे संपादकांनाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मात्र आम्ही उशिरा पोचलो. सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपून सिनेमा सुरू झालेला. आणि कनातीत पहिल्याच सतरंजीवर अण्णांच्या शाळेतल्या गुरुजींची बायको! मावशीनं मला हाताला धरून ओढलं आणि थेट पडद्याच्या मागं नेऊन बसवलं. "बस गं हितं. कापडातनं दोन्हीकडं सारखंच दिसतंय."

सारखं दिसत नव्हतं. पण एकदा गाणी सुरू झाल्यावर कुणाला भान असतं? हिरो डाव्या हातानं लिहितोय, तिचा पदर उजवीकडं आहे, हे सगळं मी पाहिलं आणि वर शहाणपणा पाजळला. नाव काय तर 'पहिल्या रांगेतून'!

रंगनाथचं नाव नोंदवलं त्या संध्याकाळी मी ताटातला भात नुसता चिवडत बसले. अण्णा म्हणाले, "बरं नाही का गं?" मी म्हणाले, "डोकं दुखतंय." आणखी एक खोटं.

पुढच्या शनिवारी रंगनाथ परत आला. मग मधल्या वारीही यायला लागला. पुस्तक बदलायला म्हणून यायचा, पण पुस्तक न उघडताच परत करायचा.

"वाचलंत?" मी विचारायची.

"वाचलं की."

"काय होतं त्यात?"

"त्यात व्हय... एक मानूस असतो," तो मान खाजवत म्हणायचा, "तो रोज एका ठिकानी जातो, आन्... बोलायचं ते ऱ्हाऊनच जातं."

मी रजिस्टरात तोंड घालायची. नगरला नवीन सिनेमा लागला की तो रविवारी बघून यायचा आणि सोमवारी दुपारच्या सुट्टीत टेबलाशी उभा राहून मला सांगायचा. हिरॉईन कशी वळली, पाऊस कसा पडला, हातवारे करून, गाण्याच्या चालीसकट! मी सिनेमे बघत नाही ना, म्हणून. त्याला वाटायचं, बिचारी हेडमास्तरांची पोर, तिला कोण दाखवणार? आणि मी ऐकत राहायची. तो आवडत होता मला. त्याचं ते 'लई भारी' आवडत होतं, शाईचा डागही आवडत होता. आणि जितका आवडायचा तितकी जास्त लाज वाटायची.

एका सोमवारी त्यानं घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मला वाटलं... जाऊ दे, मला काय वाटलं ते!

"संपादकांना पत्र लिव्हलंय," तो म्हणाला. "त्या चित्ररसिकाबद्दल. माझी भाषा अशी गावंढळ, तुमी जरा सुधारून द्याल का?"

मी कागद उघडला. 'या गृहस्थाने चित्रपट पाहिलेलाच नाही. न पाहता लिहिणे ही वाचकांची फसवणूक आहे. असल्या अडाणी माणसाचे सदर बंद करावे.'

मला काय सुचलं कोण जाणे. मी लाल पेन्सिल घेतली आणि एकेक वाक्य नीट केलं. 'अडाणी' शब्द खोडला आणि वर लिहिलं 'आंधळ्या'.

"लई कडक झालं हो," तो घाबरला. "एवढं नको."

"असू द्या. त्याला लागू पडतं."

"तुमी का एवढ्या चिडलाय त्याच्यावर?"

"खोटं बोलणारी माणसं मला आवडत नाहीत," मी म्हणाले, आणि कपाटाकडे तोंड करून उगाच पुस्तकं सारखी करत राहिले.

तो जाता जाता थांबला. "त्याच्यापेक्षा तुमीच लिहा की. तुमी लिव्हलं तर मी भांडनार न्हाई."

पत्र छापून आलं. लगोलग संपादकांचं पाकीट आलं, वाचनालयाच्या पत्त्यावर, चित्ररसिकाच्या नावानं. 'पुढील अंकासाठी खुलासा पाठवावा. चित्रपट पाहिला नसल्यास सदर बंद करीत आहोत, याचे वाईट वाटते.'

गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं. चित्ररसिक मेला असता, विजयमाला राहिली असती. अण्णांना कळलं नसतं, रंगनाथला कळलं नसतं. सिनेमावर लिहायचं मात्र कायमचं सुटलं असतं. आणि ते माझं एकच तर होतं! बाकी सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं, शाळा कुठली, साडी कुठली, उद्या नवरा कुठला. दीड वर्षात दर शुक्रवारी पान चौथ्यावर तेवढी मी असायची.

दोन दिवस विचार केला. रडलेही. तिसऱ्या दिवशी कागद घेतला.

'मी चित्रपट पाहिला आहे. पण पडद्याच्या मागून. तिथून उजवा हात डावा दिसतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. पुढे बसले असते तर ओळखीच्यांनी पाहिलं असतं, या भीतीनं मी मागं बसले. चूक पत्र लिहिणाऱ्या वाचकांची नाही, माझी आहे. वाचकांची माफी मागते. आपली, विजयमाला, पारनेर.'

पाकीट टाकलं आणि पोस्टाच्या पेटीत हात घालून परत काढता येईल का ते बघत पाच मिनिटं तिथंच उभी राहिले. नाही काढता येत.

शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला अण्णा घरी आले ते हातात साप्ताहिक घेऊनच. गावात तोवर बोभाटा झाला होता. पिठाच्या गिरणीत एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली होती, "काय गं, तंबूच्या मागनं बरं दिसतं का?" सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या होत्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

"हे तू लिहिलंस?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"पुढं का नाही बसलीस? पैसे नव्हते तिकिटाला?"

"पैसे होते, अण्णा. तिथं गुरुजींच्या घरच्या होत्या. त्यांनी तुम्हाला सांगितलं असतं."

"मग? मी काय खाल्लं असतं तुला?"

अण्णांनी टोपी काढून खुंटीला लावली.

"पंचवीस वर्षं पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणून ओरडतोय," ते हळूच म्हणाले. "आणि माझीच पोर मला भिऊन लपते. लोक तुला नाही हसत, विजू. मला हसतात." त्यांचा आवाज असा झाला, की त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं, असं वाटलं. मी जाऊन त्यांचे पाय धरले.

"ऊठ," ते म्हणाले. "वाचलं मी मागचंही. गुरुजींनी सगळे अंक आणून दिले. सिनेमातलं मला कळत नाही, पण लिहितेस बरं. लिही. यापुढं स्वतःच्या नावानं लिही."

दुपारी वाचनालय उघडायला निघाले. अण्णांचं निभावलं होतं. खरा धसका पुढंच होता.

तो आधीच येऊन पायरीवर बसला होता. मांडीवर अंक. मला बघून उठला आणि मान खाली घालून उभा राहिला. मी कुलूप काढलं, कपाटं उघडली, टेबल पुसलं. दोनदा पुसलं.

"ते पत्र मी लिव्हलं हुतं," अखेर तो म्हणाला.

"ठाऊक आहे. मीच तर सुधारून दिलं."

"तुमचंच सदर बंद करायला निघाल्तो मी. आन् तुमाला आंधळं म्हनालो."

"आंधळं तुम्ही नाही म्हणालात. तो शब्द माझा. तुम्ही नुसतं अडाणी म्हणाला होतात."

त्याला हसू आलं, पण लगेच चेहरा पडला. "सोमवारी हितं उभा ऱ्हाऊन हातवारे करून सिनेमे सांगायचो. तुमाला! मनातल्या मनात किती हसला असाल."

"नाही हो!" मी हातातलं फडकं टाकून दिलं. "हसले नाही. शपथ. मी फक्त... तुम्ही सांगायचं थांबवाल म्हणून बोलले नाही. आधी परीक्षण चुकलं, मग सिनेमे बघत नाही म्हणाले, मग पत्र तपासताना गप्प बसले. एकावर एक रचतच गेले. तुमच्याकडं बघायचीही लाज वाटते मला."

तो अंकाची घडी घालत होता, उलगडत होता. "खरं सांगू का? शुक्रवार उजाडला की मी त्या चित्ररसिकाची वाट बघायचो," तो म्हणाला. "खर्ड्यात असल्यापासनं. सिनेमा बघून यायचो आन् मनात त्याच्याशी भांडायचो. येवढं वाद घालन्यासारखं मला दुसरं कुनी भेटलंच न्हाई. वाटायचं, कधी गाठ पडली तर चहा पाजीन आन् रातभर भांडीन." मग घसा खाकरून म्हणाला, "आता गाठ पडली, तर जीभच चालंना."

बाहेरून कुणी तरी डोकावून 'आल्या का परीक्षक बाई?' म्हणून हसत गेलं. माझे कान तापले. रंगनाथनं दाराकडं रागानं बघितलं, दोन पावलं टाकलीही. मी म्हणाले, "राहू द्या. सवय करून घ्यायला हवी."

आणि मग मला वाटलं, एवढं गावभर नाव घालून छापलंय, आता उरलंय काय? मी मान वर केली.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "पहिल्या शनिवारपासून. माझीच टर उडवत होतात तेव्हासुद्धा. हे टोपणनावानं नाही, मीच सांगतेय."

तो बघतच राहिला. मग एवढा उंच माणूस, खुर्ची ओढून तिच्यावर बसायला गेला आणि खुर्ची चुकून खाली बसला!

"लागलं का?" मी धावले.

"न्हाई," तो जमिनीवरूनच म्हणाला. चेहरा लालबुंद, आणि डोळ्यांत पाणी की हसू ते कळेना. "रविवारी आईला घेऊन हेडमास्तरांकडं आलो तर चालंल?"

"चालेल," मी म्हणाले आणि त्याला उठायला हात दिला. त्यानं तो धरला. पंचांगवाले आजोबा दारात येऊन उभे होते, आमच्याकडं टक लावून बघत होते. मी हात सोडवला नाही.